हॉलिवूडच्या गर्दीतले आपण : 'बॅकग्राउंड'च्या कामाची माहिती



गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "एका सिरियलसाठी भारतीय चेहरे हवे आहेत म्हणे, जाऊ का?" आमच्यापैकी काहीजण असे जाऊन आले आहेत. त्यांचा अनुभव आणि आम्ही जमवलेली माहिती इथे एकत्र देत आहोत. सर्वात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. ही गंमत वाटली तरी कायद्याच्या दृष्टीने ती एका दिवसाची नोकरीच आहे.

काम काय असते?

नायक-नायिका हॉटेलात बोलत असतात आणि मागच्या टेबलांवर माणसे जेवत असतात. ती माणसे म्हणजे 'बॅकग्राउंड'. मुंबईत त्यांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात, आपण जुन्या सवयीने 'एक्स्ट्रा' म्हणतो. संवाद नसतो. दिग्दर्शकाने एखादे वाक्य बोलायला लावले, तर दर्जा आणि मोबदला दोन्ही बदलतात.

भारतीय चेहऱ्यांची गरज आता अधूनमधून पडते. २००६ साली 'द ऑफिस' मालिकेचा दिवाळीवरचा भाग आला. त्याची लेखिका मिंडी केलिंग हिचे खरे आई-वडीलच त्यात तिच्या आई-वडिलांच्या भूमिकेत होते. 'आउटसोर्स्ड' (२०१०-११) मालिकेची गोष्ट मुंबईत घडते, पण चित्रीकरण लॉस एंजेलिसला झाले. 'नेव्हर हॅव आय एव्हर' (२०२०-२३) मध्ये तर चक्क गणेशपूजेचा भाग आहे. अशा प्रसंगांना गर्दी लागते आणि गर्दीत साडी-कुर्त्यातली माणसे लागतात.

आधी व्हिसा बघा

कामावर घेण्यापूर्वी इतर नोकऱ्यांप्रमाणेच आय-९ फॉर्म भरावा लागतो. अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा ईएडी कार्ड यांपैकी एक पुरते. नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड असे दोन्ही चालते, मात्र त्या कार्डावर कामाबाबतची अट छापलेली नसावी. कागद मूळ हवेत, झेरॉक्स नको.

- एच-१बी : ज्या कंपनीने अर्ज केला तिचेच काम करता येते. शनिवारी सुट्टी असली तरी सेटवरचे काम चालत नाही.
- एच-४ : ईएडी असेल तरच. २०१५ पासून काही जोडीदारांना ते मिळू लागले, सगळ्यांना नाही.
- एफ-१ : कॉलेजबाहेरचे काम परवानगीनेच, आणि ओपीटी-सीपीटीवर ते आपल्या विषयाशी निगडित असावे लागते.

"रोख देतो, कागद नको" असे कोणी म्हटले तर तिथूनच परत फिरा. परवानगीशिवाय केलेले काम पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात आडवे येऊ शकते. टीव्हीवर तीन सेकंद दिसण्यासाठी वर्षानुवर्षांची वाट पाहणे पणाला लावू नका. आम्ही वकील नाही, त्यामुळे शंका असल्यास आपल्या इमिग्रेशन वकिलाला जरूर विचारा.

नाव नोंदवताना

सर्वात जुनी संस्था सेंट्रल कास्टिंग, स्थापना १९२५. त्या काळी एक्स्ट्रांकडून कमिशन उकळणाऱ्या एजन्सींचा सुळसुळाट होता, त्याला आळा घालणे हा तिच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. तिथे नावनोंदणीला पैसे पडत नाहीत.

तरीही फसवणूक थांबलेली नाही. आमच्या परिचयातल्या एका काकूंनी 'फोटो पोर्टफोलिओ'साठी काहीशे डॉलर भरले आणि नंतर कोणाचा फोनसुद्धा आला नाही. कामासाठी आगाऊ फी मागण्यावर कॅलिफोर्नियाने २००९ च्या क्रेकोरियन कायद्याने बंदी घातली आहे. नियम सोपा ठेवा : काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

सेटवरचा दिवस

कॉल टाइम पहाटे पाचचाही असू शकतो. दोन-तीन जोड कपडे न्यावेत. पांढरा, भडक लाल, बारीक रेघांचे किंवा कंपनीचे नाव छापलेले कपडे टाळावेत. पोचल्यावर हजेरीचे व्हाउचर मिळते. त्यावर आल्या-गेल्याची वेळ नीट लिहावी आणि निघताना ते परत द्यावे, कारण पगार त्यावरूनच निघतो.

मग 'होल्डिंग'मध्ये, म्हणजे बसायच्या जागेत, तासन्‌तास वाट पाहणे. पुस्तक किंवा विणकाम जवळ ठेवा. शॉटच्या वेळी गप्पा मारल्याचा नुसता अभिनय करायचा, आवाज काढायचा नाही. गर्दीची कुजबुज नंतर वेगळी भरतात. कोणत्या शब्दाला उठलात, कप कोणत्या हातात होता, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या कोनातून तेच पुन्हा करावे लागते. सेटवर फोटो काढू नयेत आणि नटांकडे स्वाक्षरी मागू नये.

मोबदला

युनियनबाहेरच्या कामाला साधारणतः राज्याच्या किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात. सॅग-आफ्ट्रा युनियनच्या २०२३ च्या करारात आठ तासांचा दर २०८ डॉलर झाला आणि पुढे वाढत गेला. युनियनच्या करारावर बॅकग्राउंडचे तीन दिवस भरले की सभासदत्वासाठी पात्र होता येते.

२०२३ च्या ११८ दिवसांच्या संपातला एक मुद्दा बॅकग्राउंडवाल्यांचा होता. आपला चेहरा संगणकात स्कॅन करून पुन्हा वापरायचा असेल, तर त्या करारानुसार आपली स्पष्ट संमती लागते. सही करण्यापूर्वी कागद वाचा.

मुलांसाठी

कॅलिफोर्नियात मुलांना वेगळे वर्क परमिट लागते. बालकलाकार जॅकी कूगन याची बहुतेक कमाई घरच्यांनीच उडवली, म्हणून तिथे १९३९ साली कायदा झाला. आता मुलांच्या कमाईतला १५ टक्के भाग त्यांच्या नावे ट्रस्ट खात्यात ठेवतात. मात्र बॅकग्राउंडच्या कामाला त्यातून सूट आहे, तेव्हा ते पैसे आपणच वेगळे ठेवावेत.

यातून कोणी स्टार होत नाही. पण हौस भागते, चार नवी माणसे भेटतात, आणि पडद्यावर गर्दीत आपली पैठणी दिसली की सगळे घर ओरडते! कागद चोख असतील तर जरूर जा, आणि आल्यावर आम्हाला कळवा.

आपले,
संपादक मंडळ