बीजांतील पाठभेद व ते पुसण्याचा अधिकार

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांस हरताळाचा उपयोग सांगावयास नको. लेखनिकाच्या हातून प्रमाद घडला म्हणजे त्या अक्षरावर हरताळ लावून तो दुसरें अक्षर लिही. संशोधकाचा मार्ग याहून निराळा आहे. तो मूळ पोथीस हात लावीत नाहीं. शुद्ध वाटलेला पाठ वर छापतो आणि टाकलेले पाठ तळटीपेंत ठेवतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम इ. स. १९१९ मध्यें आरंभिलें व तें १९६६ मध्यें पुरें झालें. त्या सर्व खटाटोपाचा पाया हाच होता. आज मनुष्याच्या आनुवंशिक बीजांतील अक्षरें बदलण्याची विद्या हातीं आली आहे. ती कोणत्या मार्गानें वापरावी, हा प्रश्न केवळ वैद्यांचा नाहीं. त्याला इतिहास आहे, आणि तोच येथें संक्षेपानें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

या विद्येचा आरंभ आमच्या मंडळासारख्याच एका स्थानिक मंडळांत झाला. ब्रुन येथील निसर्गशास्त्र मंडळापुढें ग्रेगोर मेंडेल या संन्याशानें इ. स. १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत वाटाण्याच्या संकरावरील आपला निबंध वाचला. पुढील वर्षीं तो मंडळाच्या कार्यवृत्तांत छापला गेला. नंतर सुमारें ३४ वर्षें त्याचें मर्म कोणास उमगलें नाहीं. इ. स. १९०० मध्यें द व्हरीस, कॉरेन्स व चेर्माक यांच्या लेखांनीं तो पुन्हां प्रकाशांत आला. लहान मंडळांचीं कार्यवृत्तें जपून कां ठेवावीं, याचा याहून चांगला दाखला मिळणें कठीण.

परंतु मेंडेलचें नांव जगास कळण्यापूर्वींच, इ. स. १८८३ मध्यें, इंग्लंडांत फ्रान्सिस गॉल्टन यानें सुप्रजननशास्त्राचें नामकरण केलें होतें. उत्तम वंश वाढवावा व हीन वंश खुंटवावा, हें त्याचें सार. उत्तम कोण व हीन कोण हें ठरविण्याचा अधिकार मात्र ठरविणाऱ्यांनीं स्वतःकडेच ठेवला. अमेरिकेच्या इंडियाना संस्थानानें १९०७ मध्यें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९२७ मध्यें त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें व्हर्जिनियाचा तसाच कायदा ग्राह्य ठरविला. त्या देशांत अशा रीतीनें ६०,००० हून अधिक माणसें निर्बीज केलीं गेलीं.

त्याच १९२७ सालीं बर्लिनच्या डालेम भागांत मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजनन यांची कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली; तिचे संचालक ऑयगेन फिशर. महाराष्ट्राचा या कथेशीं संबंध येतो तो येथें. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत नांवारूपास आलेल्या डॉ. इरावती कर्वे यांनीं आपला प्रबंध फिशर यांच्याच हाताखालीं लिहिला. मनुष्याच्या कवटीची डावी व उजवी बाजू सारखी नसते. या विषमतेचा वंशाशीं संबंध आहे व तींत युरोपीयांच्या बुद्धीचें श्रेष्ठत्व दिसतें, अशी फिशर यांची अटकळ होती. कर्वे यांनीं कवट्या मोजल्या व असा कांहीं संबंध दिसत नाहीं असा निष्कर्ष नोंदविला. परक्या देशांत, स्वतःच्या गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण हिंदी विदुषीनें मोजमापाचा कौल तसाच लिहून ठेवावा, ही गोष्ट आमच्या मतें संशोधनधर्माचा उत्तम नमुना होय.

संस्था मात्र त्या धर्मास जागली नाहीं. १४ जुलै १९३३ रोजीं जर्मनींत निर्बीजीकरणाचा कायदा झाला. त्याखालीं सुमारें ४ लक्ष माणसें निर्बीज केलीं गेलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. संस्थेचे विद्वान त्या कामीं तज्ज्ञ म्हणून मतें देत राहिले, आणि युद्धकाळांत आउश्विट्झच्या छावणींतून रक्ताचे व शरीरावयवांचे नमुने तेथें तपासणीस येत. अशा कृत्यांच्या चौकशींतून १९४७ मध्यें न्यूरेंबर्ग येथें जी संहिता सिद्ध झाली, तिचें पहिलेंच कलम प्रयोगास बसणाऱ्या मनुष्याच्या स्वेच्छासंमतीचें आहे.

इकडेहि हा वाद पोंचला होता. वर्णजातींच्या समर्थनार्थ कांहीं पंडित आनुवंशिकतेचा आधार घेऊं लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील, प्रत्यक्ष न झालेल्या, भाषणांत या युक्तिवादाचा परखड समाचार घेतला आहे.

आतां आजच्या विद्येकडे वळूं. सूक्ष्म जंतूंच्या बीजांत ठराविक अंतरानें पुनरुक्त होणारीं अक्षरें आहेत, हें जपानी संशोधकांनीं १९८७ मध्यें नोंदविलें. विषाणूंपासून बचाव करण्याची ती जंतूंची युक्ति आहे, हें मागाहून समजलें. इमान्युएल शार्पांतिये व जेनिफर डाउडना यांनीं २०१२ मध्यें तिच्यापासून इष्ट स्थळीं बीजसूत्र कापणारें साधन सिद्ध केलें, तेंच क्रिस्पर. त्याबद्दल त्यांस २०२० चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

नोव्हेंबर २०१८ मध्यें चीनमधील शेन्झेन येथील हे जियानक्वे या शास्त्रज्ञानें गर्भावस्थेंतच बीज बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचें जाहीर केलें. सी.सी.आर.-५ या जनुकांत ३२ अक्षरें गळालेला एक पाठ युरोपांतील कांहीं लोकांत निसर्गतःच आढळतो. तो आईबाप दोघांकडून आलेल्या माणसास एच.आय.व्ही.ची बाधा सहसा होत नाहीं. मुलींच्या पित्यास ती बाधा होती. परंतु पित्यापासून संततीस संसर्ग न व्हावा यासाठीं वीर्यशुद्धीचा सोपा उपाय आधींच उपलब्ध होता. शिवाय मुलींच्या बीजांत उतरला तो ३२ अक्षरांच्या त्रुटीचा पाठ नव्हेच. पूर्वीं ज्याची परीक्षा झालेली नाहीं असा नवाच पाठ तेथें पडला.

दस्तऐवजांची पारख करणाऱ्या वाचकांनीं येथें कागदांकडेहि लक्ष द्यावें. आईबापांच्या संमतिपत्रांत प्रयोगाचें वर्णन एड्सप्रतिबंधक लशीचा प्रकल्प असें होतें, आणि नीतिपरीक्षणाचे कागद बनावट होते असें न्यायालयांत ठरलें. ३० डिसेंबर २०१९ रोजीं जियानक्वे यांस तीन वर्षें कैद व ३० लक्ष युआन दंड झाला. तिसरें मूलहि जन्मल्याचें त्याच वेळीं उघड झालें. शिक्षा भोगून तो मनुष्य सुटला. मुलांच्या बीजांतील पाठ मात्र आतां मागें घेतां येत नाहीं.

यावरून ही विद्याच टाकाऊ ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. सिकलसेल हा रोग बीजांतील एका अक्षराच्या फेरानें होतो. विदर्भांतील व नंदुरबारकडील आदिवासी बांधव त्यानें पिढ्यान् पिढ्या पीडिले आहेत. रोग्याच्या मज्जेंतील पेशी काढून, क्रिस्परनें सुधारून परत घालण्याच्या उपचारास ब्रिटन व अमेरिका यांनीं २०२३ च्या अखेरीस मान्यता दिली. हा बदल त्या रोग्यापुरता राहतो, संततींत उतरत नाहीं, आणि रोगी स्वतः संमति देऊं शकतो. आमच्या भाषेंत, ही नकलेंतील दुरुस्ती झाली. गर्भांतील बदल हा मूळ प्रतीवर लावलेला हरताळ होय, कारण पुढील सर्व नकला तिच्यावरून व्हावयाच्या.

शिवाय अपपाठ कोणता, हें ठरविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. सिकलसेलचें तेंच अक्षर आईबापांपैकीं एकाकडूनच आलें, तर तें मनुष्यास हिवतापापासून बरेंच संरक्षण देतें. सी.सी.आर.-५ मधील त्रुटि एका रोगास अडविते, पण वेस्ट नाईल ताप तिच्यामुळें अधिक बळावतो. अनुभवी संपादक दुर्बोध पाठ तडकाफडकीं कां काढीत नाहीं, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा धोका चटकन् ध्यानांत येईल.

सक्तीचा कायदा नसला म्हणजे भय संपलें, असें कोणी म्हणेल. त्यास महाराष्ट्राचाच अनुभव उत्तर देतो. गर्भलिंगपरीक्षेवर नियंत्रण घालणारा कायदा या राज्यानें १९८८ मध्यें देशांत प्रथम केला. १९९४ मध्यें मध्यवर्ती कायदा झाला. तरीहि सहा वर्षांपर्यंतच्या वयांत दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या २००१ मध्यें ९१३ होती, ती २०११ मध्यें ८९४ वर आली. येथें सरकारनें कोणावर सक्ती केली नव्हती. घराघरांतील पसंतीनेंच हें घडलें. गर्भाचें फक्त लिंग कळूं लागल्यानें जर इतकें झालें, तर वर्ण, उंची किंवा बुद्धि यांची निवड करून देण्याचें आमिष पुढें आल्यास काय होईल, याचा विचार आधींच केला पाहिजे.

सारांश, रोग्याच्या देहापुरता उपचार व भावी पिढ्यांचें बीज यांमधील मर्यादा स्पष्ट ठेवावी, आणि जे बदल होतील त्यांच्या संमतिपत्रांसह पूर्ण नोंदी राखाव्या, असें आमचें मत आहे. संग्राहकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं गेल्या शतकांत सुप्रजननावर मराठींत जीं पुस्तकें व चोपडीं निघालीं, तीं लज्जास्पद वाटलीं तरी रद्दींत घालूं नयेत. विद्वानांनीं वंशाचे न्याय कसे केले हें पुढील पिढीस त्यांवरूनच कळावयाचें आहे.