रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका मुंबईकर बँडचा उत्तरार्ध

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावले, ‘शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू तुझ्या त्या रॉकवाल्यांवर लिही.’ आपल्या मराठी शाळेत पेटीवर समूहगीते बसवून घेणाऱ्या सरांना हा विषय कितपत रुचेल, ठाऊक नाही. पण सर, ताल चुकला की कान पकडायची सवय तुम्हीच लावलीत, तेव्हा थोडे सांभाळून घ्या.

1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड निघाला, तेव्हा आपण आठवीत होतो. इथले बहुतेक बँड त्या काळी परदेशी गाणीच वाजवत. दहावीनंतर मी आणि माझा बाकावरचा सोबती धोबीतलावच्या रंगभवनात असे कार्यक्रम ऐकायला जाऊ लागलो. इंग्रजी शब्द निम्मेच कळत. पण गिटारवर महेश तिनईकर आहे, म्हणजे आपल्यातलाच कोणी तरी आहे, याचे आम्हाला भारी अप्रूप. 1988 मध्ये त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. आम्ही दोघांनी वर्गणी काढून कॅसेट घेतली. एक आठवडा त्याच्या घरी, एक माझ्या घरी. 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला, तेव्हाही तोच करार.

हा झाला पूर्वार्ध. तो बहुतेकांना ऐकून माहीत असतो. मला जास्त विचार करायला लावतो तो उत्तरार्ध.

1993 मध्ये बँडने आपले नावच बदलले. जमलेले, गाजलेले नाव सोडून ते ‘इंडस क्रीड’ झाले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. 1995 मध्ये नव्या नावाचा अल्बम आला. पण तोवर दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर हिंदी पॉप आणि सिनेसंगीताचे राज्य आले होते आणि इंग्रजी रॉकला जागा उरली नव्हती. 1997 मध्ये बँड थांबला. पुढे गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा नवा घाट घातला. 2003 च्या सुमारास रंगभवनही गप्प झाले. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ते येत होते. नियम योग्यच, पण आमच्या पिढीचे अंगण गेले.

त्याच काळात आमचाही करार मोडला. मित्राचे वडील आजारी होते. त्याने माझ्याकडे पैसे मागितले. माझ्याकडे होते, तरी ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणून मी टाळले. पुढच्या महिन्यात काका गेले. तो भांडला नाही. येणे तेवढे बंद केले. कॅसेट त्याच्याकडे राहिली.

2010 मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. जयेश गांधी या संचात नव्हते. मला वाटले होते, आता जुनी गाणी वाजवतील, लोक टाळ्या देतील, संपले. तसे झाले नाही. 2012 मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा संपूर्ण नव्या गाण्यांचा अल्बम काढला. गाणी लांब, गुंतागुंतीची, वयाला शोभणारी. पहिल्यांदा ऐकताना मी जुना आवाज शोधत होतो, म्हणून हिरमुसलो. तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा लक्षात आले, पंधरा वर्षांचा खंड त्यांनी लपवलाच नव्हता. मधल्या काळात जे बदलले, ते बदललेले म्हणूनच समोर ठेवले होते.

स्नेहमेळाव्यांबद्दल माझी भीती नेमकी हीच आहे. आपण जमतो, तेच किस्से सांगतो, त्याच ठिकाणी हसतो आणि घरी जातो. जुनी गाणी वाजवायला काहीच हरकत नाही. मीही मागणी करीनच. पण जे मध्ये घडले, त्यावरही दोन शब्द बोलता आले पाहिजेत. शिवाय जे आले नाहीत, त्यांची जागाही दिसली पाहिजे.

उपस्थितांच्या यादीत त्याचे नाव आहे, असे कळले. त्याच्याशी काय बोलायचे हे मी अनेकदा ठरवले आणि खोडले. कॅसेट मात्र मागणार नाही. तेव्हाच्या ‘पुढच्या महिन्यात’बद्दल आधी माफी मागेन. त्यानंतर त्याची इच्छा असेल, तर ‘इव्हॉल्व्ह’ दोघे मिळून ऐकू.