मुद्रकाचे नाव

कोणतेही मराठी नियतकालिक उलटून पाहावे; मुद्रक-प्रकाशकाचे नाव व पत्ता बारीक अक्षरांत सापडतोच. १८६७ च्या छापखाना कायद्याने लावलेली ही शिस्त. छापलेल्या मजकुराला उत्तरदायी असा कोणीतरी असतो, हे आम्ही पिढ्यानुपिढ्या गृहीत धरले होते. इंटरनेटने ते गृहीतक मोडले.

२००१ साली मुंबई उच्च न्यायालयाकडे एक पत्र आले: सायबर कॅफेत अल्पवयीन मुलांच्या नजरेस अश्लील चित्रे सहज पडतात. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानून समिती नेमली. जानेवारी २००२ च्या अहवालात तिने सुचविले की, ओळखपत्र पाहावे, नोंदी ठेवाव्यात, मुलांना सर्वांना दिसेल अशा जागीच बसवावे. नाशिकही याच न्यायालयाच्या कक्षेत. येथील कॅफेंतले लाकडी आडोसे आम्हांला आठवतात. शिफारशी सुज्ञ होत्या. परंतु समितीपुढील प्रश्न पडद्यासमोरच्या मुलाचा होता. चित्रात ज्याचा छळ झाला, ते मूल कुठे होते? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील अश्लीलतेच्या कलमात बालकांचा निराळा उल्लेखही नव्हता.

२००४ च्या अखेरीस शाळकरी मुलांची एक चित्रफीत ‘बाझी’ या संकेतस्थळावर विक्रीस मांडली गेली व त्याच्या मुख्याधिकाऱ्यास अटक झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील खटला रद्द केला, कारण कंपनीलाच आरोपी केले नव्हते! मधल्या काळात, २७ ऑक्टोबर २००९ पासून, कायद्यातील दुरुस्ती अमलात आली होती. कलम ६७-ब ने अशी चित्रे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड. कलम ७९ ने मध्यस्थ कंपन्यांना अभय दिले, मात्र माहिती मिळूनही मजकूर न हटविणाऱ्यास नव्हे.

घाईचा कायदाही घातकच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २००२ मध्ये इंटरनेट पुरवठादारांवर अशी स्थळे रोखण्याची सक्ती केली. एकाच सांकेतिक पत्त्यावर अनेक स्थळे नांदत असल्याने चारशेहून कमी दोषी स्थळांपायी दहा लाखांवर निर्दोष स्थळे बंद पडली. २००४ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

आपल्याकडे १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने हॉटेल, रुग्णालय, छायाचित्रणगृह यांच्यावर असे साहित्य आढळल्यास पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे बंधन न पाळणाऱ्या इंटरनेट कंपन्यांना कलम ७९ चे अभय मिळणार नाही. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोगही न्यायालयांनी टाळावा, असे त्याच निकालात सांगितले. त्या शब्दात संमतीचा भास आहे, आणि घडून गेलेला अत्याचार त्याने झाकला जातो.