ड्रिझ्टचं घराणं: पात्र आधी, आई-बाप नंतर

आज 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलं की डीएम हमखास विचारतो, "तुझं पात्र कुठलं? घरी कोण कोण असतं?" १९७४ मध्ये हा खेळ आला तेव्हा एवढ्या चौकशा फारशा नव्हत्या. फासे टाका, ताकद आणि बुद्धीचे आकडे लिहा, उतरा भुयारात. पात्र पहिल्याच संध्याकाळी मरायची शक्यता दांडगी. मग त्याच्या आजोबांचं नाव ठरवून करायचं काय?

या दुनियेतलं सगळ्यात गाजलेलं पात्रही असंच, कुळाचा पत्ता नसताना जन्मलं. ड्रिझ्ट डोउर्डेन. काळा वर्ण, पांढरे केस, दोन्ही हातांत वाकड्या तलवारी. लेखक आर. ए. साल्वातोरे यांच्या डोक्यात नायक होता वुल्फगार नावाचा रांगडा तरुण. १९८७ मध्ये संपादक मेरी किर्चोफ यांचा फोन आला: नायकाचा जोडीदार बदलायचाय, मला मीटिंगला जायचंय, आत्ताच सांगा. साल्वातोरेंनी तिथल्या तिथे ठोकून दिलं, "ड्राव!" ड्राव म्हणजे जमिनीखाली राहणारे एल्फ, या खेळातले ठरलेले खलनायक. संपादकबाई जरा बिचकल्याच. पण १९८८ मध्ये 'द क्रिस्टल शार्ड' आली आणि वाचकांनी नायकाऐवजी जोडीदारालाच डोक्यावर घेतलं.

आता प्रश्न पडला, अशा जमातीत हा असा कसा निपजला? त्याचं उत्तर म्हणजे १९९० ची 'होमलँड'. (पुढे स्पॉयलर आहेत, पण पुस्तक आता तिशी ओलांडून गेलंय!)

आणि काय ते घराणं! मेंझोबेरांझन शहरात सत्ता बायकांची, आई मॅलिस घराण्याची प्रमुख. तिसरा मुलगा झाला की कोळ्यांची देवी लोल्थ, तिला बळी द्यायचा अशी रीत. ड्रिझ्ट नेमका तिसरा. पण त्याच रात्री दुसऱ्या नंबरच्या डिनिनने थोरल्या नाल्फीनचा काटा काढला. झालं, तिसरा आपोआप दुसरा झाला आणि सुरी थांबली. बाळ वाचलं ते कुणाच्या मायेने नाही, भावाच्या खुनामुळे.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडतो तो बाप, झॅकनाफीन. घराण्याचा शस्त्रगुरू. पोराला तलवार शिकवताना त्याला एकच धास्ती, हाही इतरांसारखाच होणार. पुढे एका छाप्यात ड्रिझ्ट एल्फांच्या लहान मुलीला मारल्याचं नाटक करून वाचवतो. देवी कोपते, आणि मुलाच्या जागी बाप वेदीवर जातो.

एक गोष्ट खटकत राहिली. ड्रिझ्ट चांगला, पण अपवाद म्हणून. बाकी ड्राव नियमपुस्तकांत दुष्टच. जन्मावरून लायकी ठरवणं आपल्याकडे काही नवीन नाही, म्हणून हे जास्तच टोचतं. खरं तर 'होमलँड' नीट वाचलं तर द्वेष तिथल्या रक्तात नाही; तो अकादमीत, वर्गात बसवून, खोटा इतिहास सांगून शिकवला जातो. खेळ छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने मात्र जून २०२० मध्ये जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राव यापुढे इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे दाखवले जातील.