परीक्षेला कोणते पुस्तक न्यावे?

'सर, या परीक्षेसाठी कोणते पुस्तक वापरू?' हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने ऐकलेला असतो. आपण बहुधा दोनचार नावे सांगून मोकळे होतो. परंतु परीक्षा मुळात कशासाठी घेतली जाते, याचा विचार केल्याशिवाय या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही. अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या परवाना परीक्षेचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे.

या इतिहासाच्या मुळाशी अपघात आहेत. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन गावी बुटांच्या एका कारखान्यात बाष्पकाचा (बॉयलरचा) स्फोट झाला. चार मजली इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बाष्पकांसाठी नियम करणारे मंडळ नेमले. पुढे अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने देशभर वापरता येईल अशी बाष्पक-संहिता तयार केली. तिची पहिली आवृत्ती १९१४ ची.

संहितेने यंत्र कसे असावे हे सांगितले. यंत्राच्या आराखड्यावर सही कोणी करावी, हा प्रश्न मात्र वेगळा होता. त्याला पहिले कायदेशीर उत्तर १९०७ मध्येच वायोमिंग राज्याने दिले. तेथे पाण्याच्या हक्कासाठी जे अर्ज येत, त्यांच्यासोबतचे नकाशे वकील आणि इतर भलतेच लोक काढून त्यांवर अभियंता म्हणून सह्या करीत. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने परवान्याचा कायदा झाला. राज्याराज्यांच्या परीक्षा मंडळांची एकत्रित परिषद १९२० मध्ये स्थापन झाली.

तरीही अनेक राज्ये स्वस्थच होती. टेक्सास हे त्यांपैकी एक. १८ मार्च १९३७ रोजी तेथील न्यू लंडन गावच्या शाळेत इंधनवायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक प्राणास मुकले. मध्यवर्ती बाष्पकाऐवजी इमारतीत ठिकठिकाणी वायूवर चालणारी तापक यंत्रे बसविलेली होती. खर्च वाचविण्यासाठी तेलक्षेत्रातील वाहिनीतून टाकाऊ वायू घेतला जात होता. त्याला वास नव्हता. गळती होऊन तो जमिनीखालील पोकळीत साठत गेला आणि कार्यशाळेतील एका यंत्राची कळ दाबताच उडालेल्या ठिणगीने पेटला. त्याच वर्षी टेक्सासने अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा केला. वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्तीही झाली. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसला येणारा वास हा याच सावधगिरीचा भाग आहे.

आपल्याकडेही असेच घडले होते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा मोठा स्फोट झाला, १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला आणि १९२३ मध्ये संपूर्ण देशासाठी बाष्पक कायदा झाला.

आता पुस्तकांकडे वळू. अभियंता सर्व कोष्टके पाठ करीत नाही. तो हस्तपुस्तिका जवळ बाळगतो. विल्यम केंट यांची यंत्र अभियंत्यांसाठीची हस्तपुस्तिका १८९५ मध्ये निघाली. यंत्रशाळेत आजही वापरले जाणारे 'मशिनरीज हँडबुक' १९१४ चे, तर लायोनेल मार्क्स यांची हस्तपुस्तिका १९१६ ची. कामावर पुस्तक उघडणे हा दोष नसेल, तर परीक्षेत तो दोष का मानावा? या विचाराला धरूनच यंत्र अभियांत्रिकीची परवाना परीक्षा दीर्घकाळ पुस्तके उघडी ठेवून घेतली जाई. बांधणी केलेली पुस्तके चालत, सुटे कागद चालत नसत.

याचा परिणाम मजेदार झाला. उमेदवार चाकांच्या बॅगा भरभरून पुस्तके आणू लागले. पाने पटकन सापडावीत म्हणून त्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावीत. केवळ या परीक्षेसाठी लिहिलेले हजाराहून अधिक पानांचे संदर्भग्रंथही निघाले. मायकेल लिंडबर्ग यांचा ग्रंथ त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

पण हिशेब करून पाहा. प्रश्न ८० आणि वेळ ८ तास, म्हणजे एका प्रश्नाला ६ मिनिटे. सूत्र शोधण्यातच ३ मिनिटे गेली तर निम्मा वेळ संपला! दहा अनोळखी पुस्तकांपेक्षा पानन् पान ओळखीचे असलेले एक पुस्तक अधिक उपयोगी पडते.

शिवाय सूत्र सापडले म्हणून उत्तर सापडतेच असे नाही. एक साधे उदाहरण घेऊ. मिनिटाला १०० गॅलन पाणी १०० फूट उंच चढवायचे आहे. अमेरिकी हस्तपुस्तिका सांगते : प्रवाह गुणिले उंची भागिले ३९६०. उत्तर सुमारे २.५ अश्वशक्ती. हा ३९६० आला कोठून? एक अमेरिकी गॅलन पाण्याचे वजन सुमारे ८.३३ पौंड आणि एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. या दोहोंचा भागाकार ३९६०. आता पंपाची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर मोटार किती शक्तीची हवी? २.५ ला ०.७ ने भागले तर ३.६, गुणले तर १.८. दोन्ही आकडे चार पर्यायांत असू शकतात. भागायचे की गुणायचे, हे पुस्तक आपल्या वतीने ठरवीत नाही. पंप सगळी शक्ती पाण्याला देत नाही, म्हणून मोटारीने जास्त द्यायला हवी, हे ज्याला उमगले तोच बरोबर भागतो. चुकीचे उत्तर परीक्षेत एक गुण घालविते. कामावर तेच मोटार जाळते, आणि बाष्पकाच्या बाबतीत माणसे मारते.

एप्रिल २०२० पासून ही परीक्षा संगणकावर होते. स्वतःची पुस्तके नेता येत नाहीत. परीक्षा मंडळाची संदर्भ पुस्तिका पडद्यावर दिसते. ती आधी विनामूल्य मिळते. त्यामुळे साहित्याची निवड सोपी झाली आहे. प्रथम अधिकृत अभ्यासक्रम पाहावा. कोणत्या विषयावर साधारण किती प्रश्न येतात हे त्यात दिलेले असते. वातानुकूलन व प्रशीतन, यंत्ररचना व पदार्थ, उष्णता व द्रव-प्रणाली या तीन शाखांपैकी आपली शाखा ठरवावी. मग तीच पुस्तिका रोज उघडून, घड्याळ लावून उदाहरणे सोडवावीत. जेथे अडेल तेथे महाविद्यालयातील जुने पाठ्यपुस्तक काढावे. भारतात शिकलेल्या उमेदवाराने पौंड, फूट व बीटीयू या एककांचा सराव वेगळा करावा, कारण प्रश्न दोन्ही एकक-पद्धतींत येतात. याहून अधिक पुस्तके घेण्यापूर्वी घेतलेले वाचून झाले आहे का, हे स्वतःला विचारावे.

आपल्या वर्गातही हा प्रयोग करण्याजोगा आहे. एखाद्या चाचणीत सर्व सूत्रे फळ्यावर लिहून ठेवावीत आणि मग गुण किती बदलतात ते पाहावे. सूत्रे समोर असूनही जो विद्यार्थी अडखळतो, त्याला आणखी एक पुस्तक देऊन भागणार नाही. न्यू लंडनच्या शाळेत वायूची माहिती कोणालाच नव्हती असे नाही. ती माहिती वापरून 'हे धोक्याचे आहे' असे म्हणण्याची जबाबदारी मात्र कायद्याने कोणावरच नव्हती.