वतन गेल्यानंतर

मराठी राज्यात हिजड्यांना भिक्षेचा परंपरागत हक्क असे. काहींस इनाम जमिनीही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने या हक्कांचा आधार काढून घेतला. भिक्षा उरली, हक्क गेला. नाहूरवरून धावणाऱ्या लोकल गाडीतील टाळी त्या मोडलेल्या वतनाचीच, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा मात्र इतका सलग नाही.

भिक्षा वा देहविक्रय याखेरीज अनेकांस उपजीविका उरली नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या आकड्यांनुसार एचआयव्हीचे प्रमाण प्रौढांत ०.२२ टक्के, तृतीयपंथीयांत ३.१४ टक्के होते. या अंतराचे मूळ देहात शोधणे व्यर्थ होय. रुग्णास पुरुषांच्या कक्षात ठेवावे की स्त्रियांच्या, येथेच उपचार अडतो. रुग्णालयांत त्यांची योग्य व्यवस्था व्हावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१४ चा आहे.