बटण दाबणाऱ्याच्या माथी

व्हिडिओ गेममधल्या हिंसेचा वाद बहुतेक वेळा रक्त किती दाखवले यावरच अडतो. १९७६ साली एक्झिडी कंपनीच्या ‘डेथ रेस’मध्ये गाडीखाली चिरडायच्या ठोकळेवजा आकृत्यांवरून अमेरिकेत गदारोळ उठला, तेव्हापासून हेच चालू आहे. त्यापेक्षा अवघड प्रश्न असा, की पडद्यावरच्या क्रौर्याचा दोष खेळणाऱ्याच्या माथी केव्हा लागतो? याचे बरेचसे उत्तर अटारीच्या ‘मिसाइल कमांड’ने १९८० मध्येच देऊन ठेवले होते. सहा शहरे, तीन तळ, प्रत्येक तळावर दहा क्षेपणास्त्रे आणि आकाशातून वाढत जाणारा मारा. सगळे वाचवणे अशक्य होत जाते, आणि कोणते शहर वाऱ्यावर सोडायचे हे खेळणाराच ठरवतो. या गेममध्ये जिंकणे नाहीच. शेवटी पडदाभर स्फोट होतो आणि ‘दि एंड’ ही अक्षरे उमटतात. हा गेम घडवणाऱ्या डेव्ह थ्युरर यांना त्या काळात अणुहल्ल्याची दुःस्वप्ने पडत. आर्केडमधला गेम खेळाडूला हरवणारच, नाहीतर यंत्रात पुढचे नाणे पडणार कसे? थ्युरर यांनी धंद्याच्या या गरजेतूनच शोकांतिका काढली. तिला पात्रे लागली नाहीत, संवाद लागले नाहीत. ती नियमांतच होती.

पुढे गेम सिनेमाच्या वळणावर गेले आणि निराशा नियमांतून कथानकात सरकली. २००७ च्या ‘बायोशॉक’ने याच बदलावर बोट ठेवले. समुद्रतळाच्या रॅप्चर शहरात आपण स्वतःच्या मर्जीने वागतो आहोत असे समजणारा नायक प्रत्यक्षात एका सौजन्यपूर्ण शब्दप्रयोगाच्या हुकमाने चाललेला असतो. हे उघड होते त्या प्रसंगात गेम नियंत्रण काढून घेतो आणि खून नायकाच्या हातून आपोआप होतो. बर्लिनच्या यागर स्टुडिओने २०१२ मध्ये ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ काढताना आणखी मजल मारली. वाळूत बुडालेल्या दुबईत कॅप्टन वॉकर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो, आणि मग कळते की होरपळलेल्यांत आश्रयाला आलेली बायका-मुले होती. इथे बटण खेळाडूलाच दाबावे लागते. न दाबण्याची वाट ठेवलेलीच नाही. तरी पुढे गेम त्यालाच जाब विचारत राहतो.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला रास्त वाटतो: दुसरा रस्ताच नव्हता, तर गुन्हा माझा कसा? कंट्रोलर खाली ठेवून उठता आले असते, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. पण ते लंगडे आहे. पुस्तक मिटल्याने त्यातला खून टळत नाही. त्याच गेममध्ये यापेक्षा सरस प्रसंग आहे. सहकाऱ्याला फासावर लटकवणारा जमाव वॉकरला घेरतो. काय करायचे हे गेम सांगत नाही. गर्दीवर गोळ्या झाडता येतात, पण हवेत झाडली तरी लोक पांगतात. ही वाट शोधायची बुद्धी ज्याला झाली नाही, त्याला दोष नाकारायला जागा उरत नाही. फॉस्फरसच्या प्रसंगाची चर्चा फार झाली. माझ्या मते या गेमचे मोठेपण जमावाच्या प्रसंगात आहे.

मात्र नुसती निवड दिली की काम झाले, असेही नाही. ‘बायोशॉक’मध्ये लहान मुलींचा जीव घेऊन शक्ती मिळवण्याऐवजी त्यांना वाचवणाऱ्याला पुढे भेटी मिळतात आणि त्याचे नुकसान जवळपास भरून निघते, पुण्य इतके स्वस्त झाले की मन हलत नाही. वॉर्सातल्या इलेव्हन बिट स्टुडिओजने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ काढताना हिशेब उलटा मांडला. सारायेवोच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेममध्ये सैनिक होता येत नाही. पडक्या घरात तगून राहणाऱ्या नागरिकांना सांभाळायचे असते. एका घरात म्हातारे जोडपे आहे. त्यांचे अन्न आणि औषधे रात्री उचलून आणता येतात. ते प्रतिकार करत नाहीत, गेमही उपदेश करत नाही. फक्त आपली माणसे खचत जातात. न चोरावे, तर घरातला आजारी दगावू शकतो. १९८० च्या त्या सहा शहरांचाच हा हिशेब आहे, फक्त इथे शहरांच्या जागी माणसे आहेत. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या पूरक वाचनयादीत घेण्याचे जाहीर केले.

तरी एक अडचण राहतेच. नियमांतली निराशा पाठ होते. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला माहीत असते की त्या घरात धोका नाही आणि डबे भरलेले आहेत. म्हातारा-म्हातारी त्याच्या लेखी कोठार होऊन बसतात. कथानकातला धक्काही दुसऱ्यांदा बोथटतो, पण तिथे प्रेक्षक फक्त कंटाळतो. इथे तो सराईत होतो.